नागपुरात नवीन घर घेताना: साईज, भाव की कामाची क्वालिटी? लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी बांधकामाच्या लाईनमध्ये वीसेक वर्षं आहे, त्यामुळे नात्यातले, कॉलनीतले, मित्रांचे मित्र, सगळे ब्रोशरचे फोटो पाठवून तेच ते प्रश्न विचारतात. मग म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं. सोप्यापासून सुरुवात केली आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलं नाही, फक्त प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. पहिल्यांदाच घर पाहायला निघालोय. सगळ्यात आधी काय पाहू, साईज, भाव की काम?

आधी मनात दोन याद्या करा, नंतर बदलता येईल ते अन् कधीच बदलता येणार नाही ते. टाईल्स, नळ, किचनचा ओटा, रंग, दारं, लाईट फिटिंग हे सगळं पाच-सात वर्षांनी तसंही बदललं जाते. पण पाया, कॉलम-बीम, स्लॅब, बाहेरच्या भिंतीची जाडी, बाथरूमच्या खालचं वॉटरप्रूफिंग, घराची दिशा, खिडक्या कुठे आहेत, आजूबाजूचं पाणी कुठे जाते, याला तुम्ही जन्मभर हात लावू शकत नाही. मी आजपर्यंत पाहिलं की लोक पहिल्या यादीवर भाळतात अन् पैसे तिथेच देतात. माझं मत सरळ आहे, बजेट ठरलेलं असेल तर शे-दीडशे फूट कमी घ्या पण दुसऱ्या यादीत तडजोड करू नका. जागा कमी घेण्याला मात्र अपवाद आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

२. बिल्डर १२५० फूट म्हणतो, पण आत गेलो तर ८५० पण वाटत नाही. फसवून राहिला का?

तो बहुतेक सुपर बिल्टअप सांगून राहिला. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, कुठे कुठे तर क्लब हाऊसचाही वाटा धरला राहते. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हितासाठीचा कायदा, २०१६ चा, अन् महारेरा, म्हणजे त्याचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून सुरू झालं, तेव्हापासून विक्री कार्पेटवर करायची आहे. कायद्यातलं कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी अन् खुली टेरेस धरत नाहीत. म्हणून बाल्कनी मिळवून "युजेबल कार्पेट" असा आकडा कोणी सांगितला तर बाल्कनी वेगळी लिहून मागा. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका, महारेराच्या साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की प्रत्येक टाईपच्या फ्लॅटचं कार्पेट दिसते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड पण कंपल्सरी आहे, तो स्कॅन केला तरी चालते.

३. मग दोन फ्लॅटची तुलना कशी करायची? एकाचा रेट ४८००, दुसऱ्याचा ५४००.

रेट बाजूला ठेवा. एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट, एवढंच करा. समजा पहिला १२५० फूट सुपर बिल्टअप, ४८०० रेटने ६० लाख, अन् कार्पेट निघालं ८२०. म्हणजे कार्पेटला फुटामागे ७३१७ रुपये पडले. दुसरा ११०० फूट, ५४०० ने ५९ लाख ४० हजार, कार्पेट ८५०. तो पडला ६९८८ ला. म्हणजे जो रेटने महाग वाटून राहिला होता तोच स्वस्त आहे अन् आतून मोठा पण आहे.

यात "वरचे" खर्च मिळवल्याशिवाय आकडा पूर्ण होत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घराला जीएसटी ५ टक्के, अन् कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत म्हणजे साधारण ९६८ फूट आणि किंमत ४५ लाखाच्या आत, दोन्ही अटी बसल्या तर १ टक्का. ओसी (घर राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला) आलेल्या तयार घराला जीएसटी नाही. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरावा लागते, हा वेगळा खर्च नाही, बिल्डरच्या पैशातूनच जाते, पण भरायची जबाबदारी तुमची. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. स्टॅम्प ड्युटी वेगळी, बाईमाणसाच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात त्यात १ टक्का सूट आहे. पार्किंग, महावितरणचं मीटर, सोसायटीचं डिपॉझिट, दोन वर्षांचा मेंटेनन्स, हे सगळं एका कागदावर लिहून सहीसकट मागा. जो लिहून देत नाही त्याचा आकडा नंतर वाढते, हे मी दहादा पाहिलं.

४. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करतो. मला कामाची क्वालिटी कशी कळणार?

बरीचशी कळते, फक्त हातात एक रुपयाचं नाणं, काचेची गोटी, टेप, मोबाईलचा चार्जर अन् एक बादली घेऊन जा. आणि घाईत जाऊ नका, दोन तास काढा.

नाण्याने प्रत्येक टाईल वाजवा, चारही कोपरे. भरीव टाईलचा आवाज टक टक येते, पोकळ असेल तर डब्यावर मारल्यासारखा बद येते. दोन-चार निघाल्या तर चालते, एका खोलीत दहा निघाल्या तर मिस्त्रीने मसाला नुसता मध्ये गोळा ठेवून टाईल दाबली आहे. तिथे उद्या पलंगाचा पाय आला की टाईल तडकणार.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी एकदम ओता अन् उभे राहा. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. पाच मिनिटांनी पाहा कुठे डबकं राहिलं का. गोटी बाल्कनीत अन् ओट्यावर सोडा, कुठे घरंगळते ते पाहा, बाल्कनीचा उतार आत हॉलकडे असला तर पहिल्या पावसात समजते पण तेव्हा ताबा घेऊन झालेला राहते.

खोलीचा कोपरा काटकोनात आहे का हे टेपने पाहता येते, एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट यायला पाहिजे. नाही आलं तर वॉर्डरोब बसवताना सुतार तुम्हाला ते दाखवेलच. दार अर्धं उघडून सोडून द्या, आपोआप फिरलं तर चौकट ओळंब्यात नाही.

सगळे नळ एकदम चालू करून फ्लश मारा. वरच्या मजल्यावर तर हे कराच, प्रेशर तिथे मार खाते. चार्जर लावून एकेक पॉईंट तपासा, डीबी (वायरिंगचा मुख्य डबा) उघडून आरसीसीबी (शॉक बसला की वीज तोडणारा स्विच) आहे का पाहा, त्याचं टेस्ट बटण दाबलं की लाईट जायला पाहिजे. वायर कोणती टाकली विचारा, लाईटला दीड, साध्या प्लगला अडीच अन् एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटर असं काम चांगले लोक करतात. एसीच्या पॉईंटला अडीचची वायर ओढलेली असली तर नागपूरच्या मे महिन्यात ती रात्रंदिवस तापणार आहे.

शेवटी खिडकीच्या खालच्या दगडावर हात फिरवा. त्याचा उतार बाहेर पाहिजे अन् सज्जाच्या खालच्या बाजूला कडेने एक बारीक खाच पाहिजे, पाणी तिथून टपकून पडावं म्हणून. ही खाच करायला दहा मिनिटं लागतात आणि ज्याने केली त्याने बाकीचं कामही लक्ष देऊन केलं राहते. मी नेहमी आधी तीच पाहतो.

५. सॅम्पल फ्लॅट एकदम भारी आहे, त्यावरून ठरवलं तर चालेल ना?

नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये आतली दारं काढून ठेवलेली राहतात, पलंग मुद्दाम लहान बनवलेला राहते, अन् तो फ्लॅट सगळ्यात चांगल्या मिस्त्रीने केलेला राहते. त्यापेक्षा त्याच बिल्डरची पाच-सहा वर्षं जुनी स्कीम शोधा, रविवारी सकाळी जा. खालून बाहेरच्या भिंतीवर पाईपाच्या बाजूने हिरवे-काळे ओघळ दिसतात का पाहा. चौकीदाराशी बोला, एखाद्या काकूंना विचारा की लिफ्ट किती वेळा बंद पडते अन् बाथरूमचं पाणी खाली उतरते का. मनापासून सांगतात लोक, मला तर चहा पाजून सांगितलं आहे.

६. बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केला आहे, म्हणजे काम चांगलंच असेल?

बँक टायटल, मंजुरी अन् तिचं कर्ज सुटेल एवढी किंमत आहे का ते पाहते. प्लास्टर अन् वॉटरप्रूफिंग बँक तपासत नाही.

७. ब्रोशरमध्ये ब्रँडेड सिमेंट आणि टीएमटी लिहिलं आहे. पुरे ना?

माल चांगला असणं गरजेचं आहे पण काँक्रीट खराब होते ते साईटवर. मिक्सरमध्ये पाणी जास्त टाकलं की काँक्रीट सहज वाहते, मजुरांना सोपं जाते, पण ताकद कमी होते. अन् लोहा, म्हणजे सळई, सेंट्रिंगच्या पाटीला टेकली तर खाली कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) राहत नाही, मग काही वर्षांनी गंज धरून स्लॅबचा पापुद्रा पडते. सिमेंटची कंपनी कोणतीही असो.

विचारायचं ते हे: कॉलमचं काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, अन् क्यूब टेस्टचे रिपोर्ट दाखवता का. १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ७ अन् २८ दिवसांनी दाबून फोडतात, त्याचे कागद असतात. जो बिल्डर ती फाईल काढून समोर ठेवते त्याच्याशी पुढचं बोलणं करायला हरकत नाही. विटांबद्दल पण लोक विचारतात. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेमुळे फ्लाय अॅशच्या विटा भरपूर वापरतात, त्या वाईट नसतात, फक्त हातात घेऊन कडा घासून पाहा, भुगा पडला तर तो लॉट कच्चा.

८. आमची बिल्डिंग एप्रिल-मे मध्ये फटाफट वर जाऊन राहिली. चांगलं की वाईट?

वेग वाईट नाही, तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, झाली का हे महत्त्वाचं. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस पाणी, पण कोरड्या गरम हवेत १० दिवस, अन् राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १४ दिवस सांगितले आहेत. आजकाल बहुतेक सिमेंट मिसळलेलंच राहते आणि नागपूरच्या मे पेक्षा गरम कोरडी हवा कुठे शोधायची, त्यामुळे आपल्याला १४ च धरून चालायचं. दुपारी दोन वाजता साईटवर जा. कॉलमला ओलं पोतं गुंडाळलेलं आहे का, स्लॅबवर वाफे करून पाणी भरलं आहे का ते पाहा. पोतं कोरडं खडखडीत असलं अन् सुपरवायझर म्हणाला की सकाळी मारलं होतं, तर चार वेळा वेगवेगळ्या दिवशी जा, तुम्हाला उत्तर मिळून जाईल. स्लॅबच्या खालच्या बल्ल्या (टेकू) पण लवकर काढत नाहीत ना ते पाहा, दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरच्या आत असेल तर ७ दिवस अन् त्याच्या वर १४ दिवस, बीमला त्याहून जास्त.

९. टॉप फ्लोअर दोन लाख कमी सांगून राहिला. वेस्ट साईड पण आहे. घेऊ का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येते आणि याच्यावर मी जरा लांबच बोलतो, कारण २०११ मध्ये मी स्वतः टॉप फ्लोअर घेतला, मलाही सूट मिळाली होती अन् मला वाटलं आपण या लाईनमधले, सांभाळून घेऊ.

मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते. दिवसभर स्लॅब उन्हात भाजतो आणि संध्याकाळी बाहेर जरा बरं वाटायला लागलं की तो साठवलेली गर्मी खाली सोडायला लागतो. रात्री एक वाजता सुद्धा पंखा लावला की वरून गरम हवाच येते. पश्चिमेची भिंत चार-साडेचार इंचाची असेल तर तीच गत, हात लावून पाहा संध्याकाळी सात वाजता. आमच्या बेडरूमला वर स्लॅब अन् बाजूला पश्चिमेची भिंत, आई उन्हाळाभर हॉलमध्ये जमिनीवर झोपायची. आणि पावसाळ्यात गच्चीच्या कोपऱ्यातून पाणी उतरलं, कपाटाच्या मागे भिंत फुगली, आम्हाला कळलंच नाही. दिवाळीला कपाट सरकवलं तेव्हा आईच्या लग्नातल्या शालूला बुरशी लागलेली. बिल्डरने दोनदा माणूस पाठवला, त्याने वरून काळं काहीतरी फासलं. शेवटी मीच गच्ची फोडून विटांच्या तुकड्यांचा कोबा अन् त्यावर पांढरे चायना मोझॅक (टाईल्सच्या तुकड्यांचा थर) केले, तेव्हा गळणं पण थांबलं अन् गर्मी पण कमी झाली.

म्हणून टॉप फ्लोअर घ्यायचा असेल तर गच्चीवर जा, पांढरं मोझॅक आहे का पाहा, ४८ तास पाणी साचवून टेस्ट केली का विचारा, नसेल तर तुमच्यासमोर करायला सांगा. बाहेरची भिंत किती इंचाची ते खिडकीच्या चौकटीतून मोजता येते. या दोन गोष्टी चांगल्या असल्या तर सूट खरी सूट आहे. नसल्या तर दुरुस्तीत अन् लाईटबिलात ती सूट कधीच वसूल होऊन जाते.

१०. कूलर कुठे लागेल हे पाहायचं राहते का? बिल्डर म्हणतो आता सगळे एसी लावतात.

पाहायचंच. एसी एका खोलीत, पण घरभर नागपूरकर अजूनही कूलरच लावतो. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, त्यात डेझर्ट कूलर बसत नाही. बाहेर स्टँड ठेवायला सज्जा किंवा बाल्कनी पाहिजे, जवळ पाण्याचा नळ पाहिजे, आणि समोरच्या बाजूने हवा निघायला दुसरी खिडकी पाहिजे, नाहीतर तासाभरात घर चिकचिकीत होऊन जाते. बोअरचं पाणी जड असेल तर जाळ्यांवर पांढरा थर चढते, म्हणून कूलरच्या नळाला कोणतं पाणी येते तेही विचारा. ब्रोशरच्या प्लॅनवर पेन्सिलने हवेचा बाण काढून पाहा, कुठून येणार कुठून जाणार. बाण कुठे अडला तर त्या खोलीत मे महिना कठीण आहे.

११. आम्हाला पूर्वेचं दार पाहिजे, त्यासाठी जास्त पैसे पण द्यायला तयार आहोत. बरोबर आहे ना?

श्रद्धा आहे तर जरूर घ्या, माझ्या घरातही वडील हेच म्हणायचे. फक्त एक पाहा, बऱ्याच फ्लॅटमध्ये दार पूर्वेला आलं की बेडरूम अन् बाल्कनी विरुद्ध बाजूला म्हणजे पश्चिमेला जातात. दार पूर्वेला अन् बेडरूम उत्तरेला असा प्लॅन मिळते, थोडं जास्त फिरावं लागते. बाकी प्रश्न ९.

१२. भिंतीला भेगा दिसल्या. नवीन घराला भेगा म्हणजे काम बेकार?

सगळ्या भेगा सारख्या नसतात. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक केसासारख्या भेगा तराई कमी झाल्याने येतात, दिसायला वाईट पण घराला धोका नाही. बीम अन् विटांच्या भिंतीच्या जोडावर सरळ आडवी भेग बऱ्याच ठिकाणी येते, तिथे प्लास्टरच्या आधी कोंबडी जाळी लावायला पाहिजे होती, दुरुस्त होते.

घाबरायची ती ही: खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढणारी, नाणं आत जाईल एवढी रुंद, किंवा कॉलम-बीमवर सळईच्या रेषेने जाणारी, त्यात तांबूस डाग असेल तर आणखीच. अशी दिसली तर भेगेच्या टोकाला पेन्सिलने तारीख लिहा, महिन्याने परत पाहा. टोक पुढे सरकलं तर पैसे देणं थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा, त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

१३. आमच्या लेआऊटला काळी माती आहे म्हणतात. रो हाऊस घ्यायचं की नाही?

काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, उन्हाळ्यात रिकाम्या प्लॉटवर हाताचा पंजा जाईल एवढ्या फटी तुम्ही पाहिल्याच असतील. उंच बिल्डिंगचा पाया बहुतेक मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला राहते, तिला त्रास कमी. मार खातात ते रो हाऊस, एकमजली घरं, कंपाउंड वॉल अन् पार्किंगची फरशी. विचारा की फुटिंग मुरमावर ठेवली का आणि माती परीक्षणाचा रिपोर्ट आहे का. मुरूम खूप खोल असेल तर अंडर रीम्ड पाईल नावाची पद्धत आहे, खाली फुगवटा केलेले खांब, ती या मातीसाठीच वापरतात. तळमजल्याची फरशी ज्यावर बसते तिथे काळी माती काढून मुरूम थराथराने कुटून भरलेला पाहिजे.

लेआऊटमधल्या तीन-चार वर्षं जुन्या घरांची गेटं उघड-बंद करून पाहा. गेट घासत असेल, कंपाउंड वॉल बाहेर झुकली असेल, घराच्या कडेची फरशी भिंतीपासून सुटली असेल तर मातीने सांगून टाकलं.

१४. तळमजला आवडला, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी. पाणी भरण्याचं कसं कळेल?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीच्या काठाने अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात लोकांच्या घरात पाणी शिरलं, चांगल्या भागातली चांगली बांधलेली घरं होती ती. म्हणजे घराची क्वालिटी अन् जागेची क्वालिटी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का पाहा, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारा त्या दिवशी इथे कुठपर्यंत पाणी होतं. रस्ता प्लॉटपेक्षा उंच आहे का तेही पाहा, आपल्याकडे सिमेंट रोड झाले की जुने प्लॉट खाली राहून जातात. मीटर बोर्ड अन् पंप किती उंचीवर लावले ते पार्किंगमध्ये पाहून घ्या. जागा कोरडी असली तर आईवडिलांसाठी तळमजला मला पण आवडते.

१५. सेम पैशात बेसा-पिपळ्याकडे ३ बीएचके येते अन् प्रतापनगरकडे २ बीएचके. काय करू?

यात भाग कोणता चांगला हे मी सांगणार नाही, दोन्हीकडे चांगली अन् वाईट दोन्ही कामं पाहिली आहेत. फक्त तिसरी खोली खरंच खोली आहे का ते मोजा. पलंग साडेसहा बाय सहा, कपाट दोन फूट खोल, त्याचं दार उघडायला दोन फूट, चालायला दोन फूट. दहा बाय नऊच्या खोलीत हे बसवून दाखवा म्हणा बिल्डरला. बऱ्याच तीन बीएचकेमध्ये पॅसेजच ६०-७० फूट खाऊन जाते आणि तिसरी खोली शेवटी सामानाची होते. उंची पण मोजा, फरशीपासून छतापर्यंत ९ फूट म्हणजे २.७५ मीटर तरी पाहिजे, आपल्या गर्मीत त्याचा फरक पडते.

मग रोजचं गणित करा. दोघं नोकरीला वर्धा रोडकडे असाल तर बेसा बरं, मुलांची शाळा अन् आजीचा दवाखाना धरमपेठेत असेल तर दिवसाचे दीड-दोन तास अन् पेट्रोल मिळवा. मेट्रो खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक अन् प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशी आहे, स्टेशनपर्यंत पायी जाता येते का हे स्वतः चालून पाहा, नकाशावर पाहू नका. बाहेरच्या भागात नळाचं पाणी आहे की नुसती बोअर, अन् बोअर मे मध्ये चालते का, हे शेजारच्या स्कीममध्ये विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

१६. छोटी स्कीम आहे, आठच फ्लॅट, रेरा नंबर नाही. घ्यायची का?

प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणी लागत नाही, म्हणून नागपुरात अशा चार मजल्यांच्या स्कीम खूप आहेत. नोंदणी नाही म्हणजे खोटं काम असं अजिबात नाही, कित्येक वेळा मालक स्वतः रोज साईटवर उभा राहते आणि काम मोठ्या स्कीमपेक्षा चांगलं निघते. पण कार्पेट, माल, तारीख, दुरुस्तीची जबाबदारी हे सगळं तुम्हालाच ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्यावं लागेल. मंजूर नकाशा मागा अन् तो प्रत्यक्षाशी मिळवून पाहा, वर एखादा मजला जास्त चढवलेला नाही ना. जमीन नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर, नझूल (सरकारी) की फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीची), आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) झालं का, हे वकिलाकडून पाहून घ्या. स्वतः प्लॉट घेऊन बांधणार असाल तरी हेच, अन् सोबत प्रश्न ७, ८, १३. नऊ फ्लॅट असून नंबर नाही अन् प्लॉट पण ५०० मीटरच्या वरचा, तर तिथून उठून या.

१७. मोठं घर घेणंच बरोबर, कामात थोडं कमी असलं तरी, असं कधी होते का?

होते. घरात सहा-सात माणसं आहेत, आजी-आजोबा सोबत आहेत, मुलगी दहावीला आहे, तर दोन खोल्यांत कोंबून राहण्यात घरातली शांती जाते. अशा वेळी पहिल्या यादीतल्या गोष्टींवर, म्हणजे टाईल्स, फिटिंग, मॉड्युलर किचन यांच्यावर कात्री लावा अन् जागा घ्या. साध्या फरशीचं मोठं पण कोरडं, हवेशीर घर मी कोणालाही सांगेन. दुसऱ्या यादीतलं मात्र तेव्हाही सोडायचं नाही, भले मग मनीषनगरऐवजी हुडकेश्वरला जावं लागलं.

१८. टोकन लगेच द्या म्हणतात, नाहीतर फ्लॅट जाईल. किती देऊ?

रेरात नोंदणी असलेल्या प्रोजेक्टला रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. माझं म्हणाल तर प्रश्न ४ चे दोन तास काढल्याशिवाय एक रुपया पण देऊ नका. गेला तर जाऊ द्या, नागपुरात फ्लॅट खूप आहेत.

१९. ओसी आली नाही पण "चावी घ्या, राहायला या" म्हणून राहिले.

ओसी आणणं बिल्डरचं काम आहे, ती आली की दोन महिन्यांत ताबा घेणं तुमचं. आधी राहायला गेलात तर पाण्याचं कनेक्शन, पुढे विकताना कागद, सगळीकडे अडते, अन् बिल्डरवर दबाव पण राहत नाही. घरभाड्याचा ताण असतो हे मला समजते, तरी शेवटचा हप्ता अन् चावी ओसीसोबतच.

२०. ताबा घेऊन दोन वर्षं झाली, बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी जाऊन राहिलं. आता काही होते का?

होते. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत बिनखर्च दुरुस्त करून द्यायचा आहे, नाही केला तर भरपाई मागता येते. फोनवर भांडू नका. फोटो-व्हिडिओ तारखेसकट काढा, ईमेल करा अन् रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, त्याची पावती जपा. ३० दिवसांत काही नाही झालं तर महारेराकडे तक्रार, त्यांचं ऑफिस नागपुरात पण आहे. नोंदणी नसलेली स्कीम असेल तर जिल्हा ग्राहक आयोग.

यात एक अडचण नेहमी येते, लोकांनी मधल्या काळात बाथरूमची फरशी बदललेली राहते किंवा नवीन पाईप टाकलेला राहते, मग बिल्डर म्हणतो तुम्हीच वॉटरप्रूफिंग फोडलं. म्हणून ताबा घेताना, काहीही काम काढायच्या आधी, बाथरूमची जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी २४ तास साचवा अन् खालच्या फ्लॅटचं छत पाहा. खालचे लोक राहायला आले नसतात तेव्हा हे सगळ्यात सोपं जाते, चौकीदाराकडून चावी घ्या, मोबाईलचा टॉर्च लावून पाईपाच्या भोवती पाहा, ओलसर गोल डाग दिसला की त्याच दिवशी फोटो.